नाव काय तुमचं?

२००३ साली माझी अम्मी दम्यानं एका सरकारी रुग्णालयात आठ दिवस होती. मी तिच्या पायाशी स्टुलावर बसून असायचो. तिथल्या दोन सिस्टर माझ्या लक्षात राहिल्या. एक तरुण, गोड बोलणारी. अम्मीला 'आजी' म्हणायची, उशी नीट करून द्यायची. दुसरी निवृत्तीला आलेली, कपाळावर कायमची आठी. सुई टोचण्याआधी, गोळी देण्याआधी तिचा एकच प्रश्न, ''नाव काय तुमचं? पूर्ण सांगा.''

अम्मी वैतागायची. ''रोज देखती, फिर भी नाम पुछती,'' म्हणायची. शिवाय पूर्ण नाव म्हटलं की मध्ये नवऱ्याचं नाव आलं, आणि ते तिनं उभ्या जन्मात उच्चारलं नव्हतं. तिथं ती अडायची, मी सांगायचो. बाई खडूस आहे, असंच माझंही मत झालं होतं. कवी माणूस, गोड शब्दाला भुलणारच!

पाचव्या रात्री तरुण सिस्टर घाईघाईनं इन्सुलिनचं इंजेक्शन घेऊन आली. अम्मीचं नाव-आडनाव घेऊन म्हणाली, ''तुम्हीच ना, आजी?'' अम्मी ग्लानीत ''हां'' म्हणाली. ते खोटंही नव्हतं. पण अम्मीला मधुमेह नव्हता. त्याच नावाची, त्याच आडनावाची आणखी एक बाई खिडकीजवळच्या खाटेवर होती. फरक होता तो फक्त नवऱ्याच्या नावाचा. अम्मी दिवसभर जेवली नव्हती. रक्तातली साखर एकदम उतरली असती, तर झोपेतच बेशुद्ध झाली असती. मी जागा होतो, बघत होतो, आणि मलाही काही खटकलं नाही. पलीकडच्या खाटेपासून आवाज आला, ''थांब. केसपेपर बघ.''

आता पोरीची खरडपट्टी निघणार, असं वाटलं. थोड्या वेळानं दोघी व्हरांड्यात दिसल्या. पोर रडत होती. मोठी सिस्टर हळू आवाजात सांगत होती, ''माझ्या हातून एकदा दिलं गेलं होतं. तेव्हापासून विचारते.''

त्या पोरीला निष्काळजी म्हणायला मी तयार नाही. त्या रात्री चाळीस खाटांना त्या दोघीच होत्या. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला, की शस्त्रक्रिया झालेल्यांचा महिन्याभरात मृत्यू होण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेली त्यात आढळली. इतक्या धावपळीत पुन्हा विचारायला थांबणं हा स्वभावाचाच भाग असावा लागतो. नुसत्या अनुभवानं ते होत नाही; सवयीचा हात न बघताही चालतो. आणि ''तुम्हीच ना?'' असं विचारलं, तर आजारी माणूस हो म्हणतो. ''नाव सांगा'' म्हटलं, तर त्याला सांगावंच लागतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ साली सुचवलं, की रुग्णाची ओळख किमान दोन खुणांनी पटवावी, खोलीचा नंबर त्यात धरू नये. आमच्या सिस्टर ते आधीपासूनच करत होत्या.

सकाळी त्या गोळ्या घेऊन आल्या. त्यांनी तोंड उघडण्याआधीच अम्मीनं पदर सावरला. स्वतःचं नाव, मग अब्बांचं नाव, मग आडनाव, असं सगळं खणखणीत सांगून तिनं हात पुढे केला.