डबा, पदार्थ आणि मूळ प्रत



ज्या व्यासपीठावरून वेदान्त, अर्थकारण आणि राज्यघटना यांची चर्चा होते, तेथे आम्ही घरगुती चित्रफितींच्या रूपांतराविषयी बोलणार, हे ऐकून काहींना हसू आले असेल. ते साहजिक आहे. परंतु आज या मांडवात बसलेल्यांपैकी क्वचितच असे घर असेल की ज्याच्या माळ्यावर एखादी व्हीएचएसची फीत, कपाटात एखादी डीव्हीडी आणि खिशातल्या फोनमध्ये शेकडो चित्रफिती नाहीत. त्यांतून नको ते कापावे, हवे ते जोडावे, असे प्रत्येकाला वाटते. संगणकावरचा संपादनाचा कार्यक्रम उघडावा, तर तो म्हणतो, ही फाइल मला वाचता येत नाही. येथूनच आमचा विषय सुरू होतो.

प्रथम एक घोटाळा दूर करू. एमपी-फोर, एव्हीआय, एमकेव्ही, एमओव्ही ही जी नावे फाइलीच्या शेवटी दिसतात, ती डब्यांची नावे आहेत, पदार्थांची नव्हेत. डब्यात चित्र असते, ध्वनी असतो, क्वचित उपशीर्षके असतात. चित्र कोणत्या रीतीने बांधले आहे, हे मात्र निराळे. त्या रीतीला कोडेक म्हणतात. २००३ साली प्रमाणित झालेली एच.२६४ आणि २०१३ सालची एच.२६५ या अशा दोन रीती. पितळी डब्यात लाडू असोत की चिवडा, डबा तोच. म्हणून 'माझी फाइल एमपी-फोर आहे, तरी उघडत का नाही?' या प्रश्नाचे उत्तर डब्यावर सापडत नाही, झाकण काढूनच पाहावे लागते.

आता ही बांधाबांध हवी कशाला? थोडा हिशेब करू. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८० असे २० लाख ७३ हजार ६०० बिंदू असतात. प्रत्येक बिंदूला तीन बाइट धरले, तर एका चित्राला सुमारे ६२ लाख बाइट लागतात. सेकंदाला अशी २५ चित्रे, म्हणजे तासाला सुमारे ५६० गिगाबाइट! एवढा पसारा फोनात मावणे शक्य नाही. फोन तोच तास सातआठ गिगाबाइटांत किंवा त्याहूनही कमी जागेत बसवतो.

हे त्याला कसे साधते? आपल्याकडील वाण्याच्या वहीसारखे. पहिल्या ओळीत तो सगळे नीट लिहितो, पुढे 'सदर', 'सदर' अशा खुणा करतो. चित्रफितीतही एक चित्र पूर्ण लिहिलेले असते आणि पुढच्या कित्येक चित्रांत फक्त काय बदलले तेवढेच टिपलेले असते. ओळीने वाचणाऱ्याला याचा त्रास नाही. पण तुम्ही नेमक्या 'सदर'च्या ओळीवर कात्री लावली, की संगणकाला मागे जाऊन मूळ ओळ शोधावी लागते. तो धापा टाकतो, चित्र अडखळते, आणि आपण संगणकाला दोष देतो. दोष त्याचा नाही. साठवणीसाठी लिहिलेली वही आपण कापणीसाठी पुढे केली, हा तो दोष.

यावर मार्ग तीन आहेत. पदार्थ चालतो, डबा तेवढा चालत नाही, असे असेल तर नुसता डबा बदलावा. २००० साली सुरू झालेला एफएफएमपेग हा विनामूल्य कार्यक्रम चित्राला हात न लावता हे काम काही क्षणांत करतो, आणि गुणवत्तेत तिळमात्र उणे होत नाही. दुसरा मार्ग, प्रत्येक ओळ पूर्ण लिहिलेली नवी प्रत करणे. प्रोरेस आणि डीएनएक्सएचडी या रीती त्यासाठीच आहेत. फाइल कित्येक पट फुगते, पण कात्री लोण्यातून जावी तशी चालते. तिसरा मार्ग, कामापुरती लहान, हलकी प्रत करून तिच्यावर कापाकापी करणे आणि शेवटी संगणकाकडून मूळ प्रत तिच्या जागी बसवून घेणे.

दोन खाचखळगे सांगतो. फोन प्रकाश कमीजास्त होताच चित्रांचा वेगही कमीजास्त करतो. काही संपादन-कार्यक्रमांना हे मानवत नाही, आणि ओठ एकीकडे, शब्द दुसरीकडे असा प्रकार होतो. अशा वेळी हँडब्रेकसारख्या कार्यक्रमात 'स्थिर वेग' निवडून आधी रूपांतर करावे. दुसरा खळगा जुन्या फितींचा. आपल्याकडच्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे असत, पण प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत येई, आधी एकाआड एक ओळी, मग उरलेल्या. संगणकावर ते दोन हप्ते एकत्र दिसले, की हलत्या हाताला फणीचे दात फुटतात. हे दात काढण्याचे काम कापाकापीनंतर नव्हे, आकार बदलण्याच्या आधी करावयाचे असते.

आता आमच्याच एका मूर्खपणाची कथा. १९९३ साली आमच्या घरी लग्न झाले. घाणा भरताना आमच्या आत्याबाईंनी जात्यावर ओव्या म्हटल्या, त्या फितीत आल्या. आत्याबाई आता नाहीत, आणि त्यांचा आवाज दुसरीकडे कोठेही नाही. त्या फितीची आम्ही डीव्हीडी करून घेतली. जागा वाचावी म्हणून तिची लहान फाइल केली, ती फोनवरून धाडण्यासाठी आणखी लहान केली, आणि 'आता सगळे संगणकात आहे' असे म्हणून डीव्हीडी टाकून दिली. पुढे संपादनाला बसलो, तेव्हा आत्याबाईंच्या चेहऱ्याच्या जागी चौकोनी ठिगळे होती आणि ओवीतले शब्द पाण्याखालून आल्यासारखे येत होते. रूपांतरात जे एकदा गळते ते मोठी फाइल केल्याने परत येत नाही. पातळ झालेले ताक घुसळून लोणी निघत नाही.

सुदैवाने मूळ फीत धाकट्या भावाच्या ट्रंकेत निघाली. पण ती लावायची कशावर? व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या कंपन्यांपैकी जपानच्या फुनाईने २०१६ सालीच ते काम थांबवले. चार घरे हिंडून एक चालू यंत्र मिळाले. फीत पुन्हा उतरवली, या खेपेस तासाला सुमारे १३ गिगाबाइट घेणाऱ्या डीव्ही पद्धतीने. ओव्या परत आल्या. शेवटच्या दोन तेवढ्या बुरशीने खाल्ल्या, त्या गेल्या त्या गेल्याच.

म्हणून श्रोतेहो, आमचे मागणे एवढेच. रूपांतर करा, कापा, जोडा, पण मूळ प्रतीला हात लावू नका, आणि तिच्या दोन नकला दोन निराळ्या ठिकाणी ठेवा. आणि माळ्यावर फीत असेल तर हा उन्हाळा संपण्यापूर्वी ती खाली काढा, कारण पुढचा पावसाळा तिला मानवेलच असे नाही.