घोडा कोणाचा?



ऐतिहासिक कादंबरीवर आम्ही बोलावे, हे धाडसच. आमचे वाचन झाले ते आईच्या विड्यांच्या सुपाशेजारी. ती विड्या वळीत असे, आम्ही मोठ्याने वाचीत असू. ‘मोचनगड’ १८७१ सालची. त्या वाटेने पुढे आलेल्या कादंबऱ्यांत प्रेमवीर दिसला की घोडा आलाच. आईने एकदा मध्येच विचारले, “घोडा त्याचा स्वतःचा का रे?” लेखकाने ते लिहिलेच नव्हते!

प्रश्न मोठा मार्मिक होता. मराठ्यांच्या फौजेत शिलेदार स्वतःच्या घोड्यानिशी चाकरीस येई. बारगिराला घोडा पागेतून मिळे. आईला पान-तंबाखू कारखान्यातून मिळे. म्हणजे तीही बारगीरच. वर विडी छाट निघाली की मजुरी बुडाली.

आपल्या जिल्ह्याच्या दक्षिणेस भीमा. तिच्या काठच्या भीमथडी तट्टांवर मराठ्यांचे घोडदळ दौडले. इकडे जामखेडजवळ खर्डा, निजामाच्या मुलखाला लागून. १७९५ ची लढाई तिथलीच. अशा सरहद्दीवरच्या पागेतला एखादा बारगीर कुरणावर गवत कापणाऱ्या मुलीच्या प्रेमात पडला, तर? सरदारपुत्र तिला घोड्यावर घेऊन निघाला की शौर्य ठरते. बारगीर निघाला की आधी धन्याचा घोडा चोरल्याचा गुन्हा! घोडा सोडून पायी निघावे, तर पाठलाग करणारे घोड्यावर. ही कादंबरी आम्हांला वाचायची आहे.

आईला मात्र आमची ही मीमांसा ऐकवली, तेव्हा सुपातून मान वर न करता ती म्हणाली, “ते राहू दे. पुढे वाच. सापडली का ती दोघं?”