रडायला सवड, रडायला परवानगी
(आपटा, ता. पनवेल येथे बचतगटांच्या बैठकीत केलेलं भाषण)



बचतगटाच्या बैठकीत मांजराबद्दल काय बोलायचं, असं तुम्हाला वाटेल. हुंडा, दारू, मारहाण, जमिनीतला हक्क यांवर आपण नेहमी बोलतो आणि बोलत राहणारच आहोत. आज मात्र मी दुःखाबद्दल बोलणार आहे. कुणासाठी, किती आणि कसं रडायचं हेसुद्धा बाईने स्वतः ठरवायचं नसतं. आमची मनी गेली तेव्हा ही रीत मला फार जवळून दिसली.

मी लग्न होऊन आपट्याला आले. समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी घेतलेली, दिवसभर वाड्यावस्त्यांवर समानतेच्या गोष्टी सांगणारी मी, संध्याकाळी घरी आले की थेट ओट्याशी. आधी पुरुष जेवणार, मग जावेची मुलं, मग सासूबाई आणि जाऊ, शेवटी मी. माझ्या ताटाशी मनी बसलेली असायची. मासळीचं डोकं तिचं, उरलेलं कालवण माझं. घरात शेवटी जेवणाऱ्या आम्ही दोघी. "गरम वाढ", "पाणी आण" असं काही न सांगता माझ्याजवळ येऊन बसणारी ती एकटीच होती.

बंगालात अरण्यषष्ठीला एक कहाणी सांगतात. धाकटी सून चोरून खाते आणि आळ मांजरावर घालते. मांजर हे षष्ठीदेवीचं वाहन. ते देवीकडे गाऱ्हाणं नेतं, सुनेची मुलं नाहीशी होतात आणि तिने चूक कबूल केल्यावरच परत मिळतात. मांजरावर खोटा आळ घालू नये हे खरंच. पण भरल्या घरातल्या सुनेला चोरून का खावं लागलं, हे कहाणी विचारत नाही. तिला खादाड ठरवून मोकळी होते.

मनी बारा वर्षांची झाली आणि फार पाणी प्यायला लागली, वजन उतरलं. पशुवैद्यांनी सांगितलं, मूत्रपिंडं निकामी होत आली आहेत. म्हाताऱ्या मांजरांत हा आजार बराच आढळतो. सलाईनसाठी तिला न्यावं लागे म्हणून मी अर्ध्या दिवसाच्या रजा घेतल्या. घरात शब्द उमटला, "नसती थेरं!" सासऱ्यांच्या आजारपणात रजा घेतली होती तेव्हा मी गुणाची सून होते. काम तर तेच होतं: औषध, पाणी, अंग पुसणं, जागरण. बाईची माया घराच्या उपयोगाची असेल तर कर्तव्य, तिच्या स्वतःच्या मनाची असेल तर थेर!

मनी गेली त्या दिवशी घरी पाहुणे होते. बारा जणांचा स्वयंपाक मीच केला. एकीने समजूत काढली, "मांजरच ना, दुसरं आण." दुसरी म्हणाली, "पदरात मूल असतं तर मांजराचं एवढं वाटलं नसतं." नवऱ्याने परसात आंब्याखाली खड्डा खणला. त्याचेही डोळे भरून आले. तेवढ्यात घरातले एक वडीलधारे म्हणाले, "बाईसारखा रडतोस काय?" तो बाहीने डोळे पुसून बाहेर निघून गेला. मला रडायला सवड नव्हती आणि त्याला परवानगी नव्हती.

सवडीचा हिशेब सरकारनेही मांडलाय. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत, घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती आणि करणाऱ्या पुरुषाची ९७. त्यातही घरकामाला हात लावणारे पुरुष चारात जेमतेम एक.

केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ मध्ये अशा दुःखावर पुस्तक संपादित केलं, ज्या दुःखाला समाज दुःखच मानत नाही. त्याला सुतक नाही, कुणी भेटायला येत नाही. आणि जे दुःख समाज मानतो, त्याचं काय करतो? नवरा गेला की बांगड्या फोडा, कुंकू पुसा. तेही तिच्या मनाला न विचारता. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारनेही इतर गावांना तसं आवाहन केलं. म्हणजे ठरवलं तर गाव बदलू शकतं.

आपल्यातल्या कितीतरी जणी शेळ्या पाळतात. शेळी मेली की आपण आधी विचारतो, किती पैशांची होती, विमा होता का. ते विचारायलाच हवं. पण ती पाट पिल्लू असल्यापासून जिने वाढवली, तिच्याजवळ घटकाभर बसूया. कुणाचं मांजर, कुत्रं गेलं तर "दुसरं आण" म्हणू नका. "कशी होती गं ती?" असं विचारा. मूल नसलेल्या बाईची माया मुलाच्या मापाने मोजू नका. मुलगा रडला तर त्याला रडू द्या.

आणि आज रात्री घरात सगळ्यांची ताटं एकाच वेळी मांडा. कुणी कुरकुर केली तर पुढच्या बैठकीत सांगा, त्यावरही बोलू.