माहितीचे मोल



रायपूरहून दुर्गकडे जाताना वाटेत भिलाई-३ लागते. लगतच्या चरोडा येथे रेल्वेचे विस्तीर्ण मार्शलिंग यार्ड आहे. जवळच भिलाईचा पोलाद कारखाना. त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. दल्ली-राजहरा येथील लोहखनिज रेल्वेने येथे येते आणि येथील रूळ रेल्वेनेच देशभर जातात.

यार्डात उभी असलेली वाघीण कोणासही दिसते. ती भरलेली की रिकामी, कोठून आली, कोठे जावयाची, हे मात्र नुसते पाहून कळत नाही. आणि ते कळेपर्यंत ती वाघीण म्हणजे रुळावर अडकून पडलेले भांडवलच होय. पूर्वी कारकून वाघिणींचे क्रमांक वहीत टिपून पुढे कळवीत. रेल्वेने १९८६ साली संगणकीय माहितीसाठी स्वतंत्र केंद्र स्थापिले व मालवाहतुकीची माहिती-व्यवस्था त्याच्याकडे सोपविली. आज मालगाडीचा ठावठिकाणा माल पाठविणाऱ्यालाही दूरवरून पाहता येतो.

असे असता पुष्कळ कंपन्यांना हा खर्च का खुपतो? भट्टी बंद पडली तर तोटा मोजता येतो. पण खनिजाची गाडी अडली आहे हे वेळीच कळल्यामुळे जी भट्टी बंद पडलीच नाही, तिचा लाभ कोणत्या रकान्यात मांडावा? टळलेल्या हानीला जमाखर्चात जागा नसते. संगणकाचे बिल मात्र खर्चाच्या बाजूस ठळक दिसते.

दुसरे कारण आपल्या कार्यपद्धतीत आहे. अर्थशास्त्रज्ञ पॉल डेव्हिड यांनी १९९० साली विजेचा दाखला दिला. अमेरिकेतील कारखानदारांनी वाफेच्या इंजिनाऐवजी विजेची मोटार बसविली, परंतु जुने दांडे व पट्टे तसेच ठेवले. त्यामुळे प्रारंभी लाभ बेताचाच झाला. पुढे यंत्रागणिक मोटार आली, कामाची मांडणी बदलली, तेव्हा कोठे उत्पादन वाढले. संगणकाचेही तसेच आहे. पडद्यावरची नोंद कागदावर छापून तिच्यावर पूर्वीच्याच पाच सह्या घ्यावयाच्या असतील, तर यंत्र नवे आणि विलंब जुना!

म्हणून अंदाजपत्रक मांडताना संचालकांनी खर्चाच्या आकड्यापाशी थांबू नये. या माहितीमुळे कोणता निर्णय लवकर झाला आणि कोणते जुने काम बंद करता आले, हेही विचारावे. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर यंत्राला बोल लावण्यापूर्वी आपली कचेरी तपासावी.