राणाने खाण शोधली म्हणतात, कोळसा वेगळंच सांगतो
(शिबिरातलं बोलणं, टिपून घेतलेलं)



मागच्या बैठकीत बायांनी विचारलं होतं, की बाहेरची माणसं जंगलात येऊन जुन्या खड्ड्यांची चौकशी का करतात? जिथे वटवाघळं राहतात तिथे कोणाला काय मिळणार? म्हणून आज आम्ही जावरची गोष्ट घेतली आहे.

जावर राजस्थानात, उदयपूरच्या दक्षिणेला, अरवलीच्या डोंगरात. आजूबाजूची वस्ती भिल्ल-मीणांची, म्हणजे आपल्याच भाऊबंदांची. तिकडे डोंगराला मगरा म्हणतात. मोचिया मगरा, बरोई मगरा, यांच्या पोटात शिसं, जस्त आणि त्यांच्यासोबत चांदी. मेवाडच्या जुन्या हकिकतीत सांगतात, चौदाव्या शतकात राणा लाखाच्या वेळी खाण सापडली. राजाने शोधली, राजाची झाली. विषय संपला!

पण संपला नाही. जुन्या बोगद्यांची तपासणी झाली तेव्हा आत लाकूड आणि कोळसा सापडला. लाकडाचं वय प्रयोगशाळेत काढता येतं. ते निघालं दोन हजार वर्षांच्या वर. राणाच्या खापरपणजोबाचाही जन्म व्हायचा होता, तेव्हा तिथे माणसं खणत होती.

कशी खणत? सुरुंग नव्हता. खडकाला लाकडं लावून आग घालायची, खडक तडकला की छिन्नी-हातोड्याने काढायचा. अशा भिंती गोलसर, गुळगुळीत होतात, सुरुंगाच्या ओबडधोबड. ही खूण ध्यानात ठेवा.

जस्ताची युक्ती तर बघण्यासारखी. जस्त भट्टीत वाफ होऊन उडून जातं. म्हणून वांग्याच्या आकाराच्या मातीच्या भांड्यांत माल भरायचा, भांडी उलटी ठेवायची, वाफ नळीतून खाली उतरून थंड व्हायची. 1983 साली बडोद्याचं विद्यापीठ, लंडनचं ब्रिटिश म्युझियम आणि हिंदुस्तान झिंक यांनी मिळून खोदकाम केलं, तेव्हा अशा भट्ट्या जशाच्या तशा निघाल्या. एका भट्टीत 36 भांडी. विलायतेला ही विद्या अठराव्या शतकात जमली. वापरलेल्या भांड्यांचे तिथे डोंगर पडलेत, लोकांनी त्यांच्या घराच्या भिंती रचल्या.

खणणारे भिल्लच होते असा शिक्का आम्ही मारत नाही. त्यांची नावं कुठेच लिहिली नाहीत. राणाचं लिहिलं, तेवढं राहिलं.

पुढे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मराठी फौजांच्या स्वाऱ्या (हो, आपल्याच बाजूच्या), वरून दुष्काळ. खाण बंद. सव्वाशे वर्षं ती ओसाड पडून राहिली. मग 1940 च्या दशकात कंपनी आली, 1966 ला सरकारी हिंदुस्तान झिंक झाली. आणि नव्या सर्व्हेवाल्यांनी आधी काय बघितलं? जुने खड्डेच. खड्डा म्हणजे त्यांना फुकटचा नकाशा. बायांनो, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हेच.

तेव्हा खड्डा विचारणाऱ्याला आपणच आधी विचारायचं: कोणत्या खात्याचा, कागद कुठे, ग्रामसभेपुढे का नाही आला? 1996 च्या पेसा कायद्याने मुरूम-वाळूसारख्या गौण खनिजाच्या पट्ट्याला ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस लागते. सोनं, चांदी, जस्त गौण धरत नाहीत, ही मोठीच पळवाट. पण जमीन संपादनाआधी सल्ला घ्यावाच लागतो, तो धरून ठेवा.

आणि आपली तपासणी आपण करू. जमीन कसतो म्हटलं की आपल्याकडे दंडाच्या पावत्या मागतात. जंगल वापरतो याची पावती कोण देतं? म्हणून म्हाताऱ्यांना सोबत घेऊन फिरायचं. खड्ड्याला आपल्या बोलीत नाव काय, ते पहिलं लिहायचं. मग भोवतीचा झरा, त्यावर कोणत्या पाड्याची गुरं येतात, मोह कोणाचे, देव कुठे, मसण कुठे. राखेचा, मळीचा ढीग दिसला तर उकरू नका, जागा टिपा. हाताने काढलेला नकाशा चालेल, पण खाली ग्रामसभेचा ठराव आणि अंगठे हवेत. दोन प्रती करा, एक गावात ठेवा.

बोगद्यात मात्र कोणी उतरायचं नाही, पोरांना तर अजिबात सोडू नका. आत हवा कोंडलेली असते, पाण्याने भरलेला खड्डा अंधारात दिसत नाही. तोंडाशी उभं राहून जे दिसेल तेवढंच लिहा.