बूटेबल पेनड्राइव्ह: जुना लॅपटॉप भंगारात देण्याआधी

(या भागाचं शब्दांकन. ऐकताना हाताशी कागद नसतो, म्हणून पायऱ्या इथे लिहून ठेवल्या आहेत.)

केंदूरहून बोलतोय. आजचा विषय पेनड्राइव्हचा. गाणी भरायच्या नाही, तर ज्याच्यावरून अख्खा संगणक सुरू होतो त्या पेनड्राइव्हचा.

आधी हा विषय आत्ताच का, ते सांगतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. नोंदणी करून सुरक्षा अपडेट काही काळ वाढवून मिळतात, पण ती तात्पुरती सोय आहे. विंडोज ११ टाकायचं तर टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. म्हणजे २०१५-१६ च्या सुमाराला घेतलेला लॅपटॉप, कीबोर्ड चांगला, स्क्रीन चांगली, तरी यादीबाहेर. दुकानात विचारलं तर उत्तर ठरलेलं: नवीन घ्या. कांद्याला भाव नसलेल्या वर्षी हे उत्तर परवडत नाही.

आपल्या शेजारी पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हातानं काम करत करत शिकायचं, हा त्यांचा पाया. तिथेच २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या मदतीनं फॅब लॅब उभी राहिली, तीही त्या संस्थेबाहेरच्या अगदी पहिल्यांपैकी. मग पाबळच्या शेजारच्या गावानं एक पेनड्राइव्ह बनवायला तालुक्याला का जावं?

नुसती फाइल कॉपी करून का चालत नाही

ऑपरेटिंग सिस्टिम डाउनलोड केली की एकच मोठी फाइल मिळते, तिला आयएसओ म्हणतात. बरेच जण ती पेनड्राइव्हवर कॉपी-पेस्ट करतात, मग म्हणतात, 'बूट होत नाही.' होणारच नाही. आयएसओ म्हणजे तोंड शिवलेलं पोतं. आत माल आहे, पण बाहेरून काढता येत नाही.

संगणकाचं बटण दाबलं की आधी मदरबोर्डवरच्या चिपमधला छोटा प्रोग्राम जागा होतो. जुन्या मशीनवर बायोस, नव्यावर यूईएफआय. तो पेनड्राइव्हवर ठरलेल्या जागी एक सुरुवातीची फाइल शोधतो. ती सापडली तर पुढे, नाही तर मुकाट्यानं हार्डडिस्ककडे. पोतं उसवून माल त्या ठरलेल्या जागी मांडणं, एवढंच काम बूटेबल बनवणारी साधनं करतात.

काय लागतं

८ जीबीचा किंवा मोठा पेनड्राइव्ह. त्याच्यावरचं सगळं पुसलं जातं, त्यामुळे लग्नाचे फोटो असलेला नको. दुसरं, आयएसओ. लिनक्स मिंटची साधारण ३ जीबीच्या आसपास, विंडोज ११ ची ५ जीबीच्या वर. रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकवर ती एका दिवसात उतरत नाही. त्यासाठी मिंटच्या साइटवर टॉरेंटचा पर्याय आहे. आज अर्धी, उद्या अर्धी, तुटलं तर तिथूनच पुढे.

जुन्या मशीनसाठी मी मिंट सुचवतो. २ जीबी रॅमवर चालतं, ४ असली तर आरामात. मिंट २२ च्या मालिकेला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट आहेत. आणि फुकट आहे, चोरीचं नाही.

पेनड्राइव्ह कुणाचा?

आजच्या भागातला हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. गावात एक पेनड्राइव्ह फिरत असतो. 'याच्यात विंडोज आहे, ॲक्टिव्हेट करायचं पण आहे.' कुणी बनवला, माहीत नाही. आत काय घातलंय, माहीत नाही. अहो, आपण जे टाकतोय ते संगणकाच्या मुळाशी बसतं. अँटिव्हायरस त्याच्यानंतर येतो. त्याच संगणकावर उद्या तुम्ही बँकेचं लॉगिन करणार, पोरीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरणार. बियाणं घेताना आपण पिशवीवरचं लेबल बघतो, मग इथे का नको?

म्हणून आयएसओ मूळ साइटवरूनच घ्या आणि तपासा. साइटवर एसएचए-२५६ नावाची लांबलचक ओळख दिलेली असते. विंडोजमध्ये पॉवरशेल उघडा, टाइप करा: गेट, आडवी रेघ, फाइलहॅश, सगळं जोडून. मग एक जागा सोडा, आयएसओ ओढून त्या खिडकीत टाका, एंटर. आलेली ओळ साइटवरच्या ओळीशी ताडून बघा. एक अक्षर जरी वेगळं असलं तरी फाइल सोडून द्या. बहुतेक वेळा डाउनलोड अर्धवट झालेलं असतं, पण ते तरी कशाला टाकायचं?

बनवणं

विंडोजवर रूफस वापरा, छोटा आणि मोफत प्रोग्राम आहे. वरच्या ओळीत पेनड्राइव्हच निवडलाय ना, ते दोनदा बघा. बाहेरची हार्डडिस्क जोडलेली असेल तर आधी काढून ठेवा. मग आयएसओ निवडा. पार्टिशन स्कीमला नव्या मशीनसाठी जीपीटी, फार जुन्या बायोसवाल्यासाठी एमबीआर. स्टार्ट दाबा. मध्ये काही विचारलं तर जे 'शिफारस केलेलं' म्हणून दाखवतो तेच ठेवा. पंधरा-वीस मिनिटांत काम होतं.

बॅलेना एचर आणखी सोपं: फाइल निवडा, ड्राइव्ह निवडा, फ्लॅश. मात्र नंतर विंडोज म्हणेल 'ही डिस्क फॉरमॅट करा'. तेव्हा नाही म्हणा. पेनड्राइव्ह बिघडलेला नसतो, विंडोजला तो वाचता येत नाही एवढंच.

शाळेत किंवा मंडळात चार-पाच मशीन असतील तर व्हेंटॉय बघा. एकदा पेनड्राइव्हवर बसवलं की नंतर आयएसओ सरळ कॉपी करायच्या. इथे मात्र कॉपी-पेस्ट चालतं, कारण पोतं उसवणारा आधीच आत बसलेला असतो.

सुरू करणं

मशीन चालू करताना लगेच बूट मेन्यूची कळ दाबत राहा. डेल, लेनोवो, एसर: बहुधा एफ१२. एचपी: एफ९. असुस: एस्केप. वेळ साधत नसेल तर विंडोजमध्ये शिफ्ट दाबून ठेवून रीस्टार्टवर क्लिक करा आणि पुढे 'यूज अ डिव्हाइस' निवडा.

एक सावधगिरी. विंडोजमध्ये बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधीच कागदावर उतरवून ठेवा. नाही तर आपल्याच घराला बाहेरून कुलूप.

आधी बघा, मग बसवा

मिंटचा पेनड्राइव्ह लावला की काहीही न बसवता डेस्कटॉप समोर येतो. तुमचं जुनं विंडोज जागच्या जागी असतं. याला लाइव्ह म्हणतात. इथे तासभर घालवा. आवाज येतो का? कॅमेरा? प्रिंटर? मराठी इनस्क्रिप्टनं टाइप होतं का? वायफाय दिसत नसेल तर घाबरू नका. मोबाइल केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, नेट येतं. पेनड्राइव्हवरून थोडं हळू चालेल, ते धरून चला.

आणि खरं सांगतो, प्रत्येकानं बदलावं असं नाही. दुकानाचा हिशोब टॅलीवर असेल, डिजिटल सहीचं किंवा अंगठ्याच्या मशीनचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालत असेल, तर ते मशीन विंडोजवरच राहू द्या. जुन्या मराठी फाइली युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये असतील, तर ते फॉन्टही जपून ठेवा.

पटलं, तर बसवण्याआधी सातबारा, गुणपत्रिका, फोटो, सगळं दुसऱ्या डिस्कवर घ्या. ज्या पेनड्राइव्हवरून बसवताय त्याच्यावर नाही. 'इरेज डिस्क' या पर्यायाचा अर्थ अगदी शब्दशः आहे. शेजारी विंडोज ठेवायचं तर 'अलाँगसाइड' निवडा. लॅपटॉप पूर्ण चार्ज करा. डेस्कटॉप असेल आणि इन्व्हर्टर नसेल तर लाईट टिकण्याच्या वेळेला बसा. डिस्कचे भाग पाडत असताना लाईट गेली तर मशीन वाचतं, पण माहिती जाऊ शकते.

काम झालं की पेनड्राइव्ह पुसू नका. त्याच्यावर चिठ्ठी लावा: काय आहे, कोणत्या तारखेचं. कधी मशीन सुरूच झालं नाही, तर याच पेनड्राइव्हवरून लाइव्ह जाऊन आतल्या फाइली बाहेर काढता येतात. पुढच्या वेळी शेजारी मागायला आला तर नुसता पेनड्राइव्ह देऊ नका, बसवून घ्या आणि त्याच्याच हातानं बनवायला लावा.

पुढच्या भागात मिंटवर मराठी टायपिंग नीट कसं लावायचं ते बघू. अडलं तर तुमचं मशीन कोणतं, रॅम किती आणि स्क्रीनवर नेमकी कोणती ओळ आली, एवढं नक्की लिहून पाठवा.