खोलीपुरता थंडावा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त शंकर नगर, रायपूर येथे दिलेले व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून वक्त्याने इतिहासावर किंवा साहित्यावर बोलावे, असा प्रघात आहे. बिंबाजी भोसल्यांच्या रतनपूरपासून माधवराव सप्र्यांच्या ‘छत्तीसगढ मित्रा’पर्यंत या भूमीशी असलेल्या आपल्या नात्यावर अधिकारी व्यक्ती बोलतीलच. मी आज एका अगदी घरगुती विषयाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. घरातला थंडावा कोणत्या खोलीत, किती वेळ आणि कोणाच्या हुकुमाने असावा, हा तो विषय होय.

विषय किरकोळ वाटेल. परंतु मे महिन्यात ज्या गावचा पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर जातो आणि काही दिवशी पंचेचाळीसही ओलांडतो, त्या गावी तो किरकोळ राहत नाही. आपल्यापैकी अनेकांची मुले आज परदेशी आहेत आणि शंकर नगरातील मोठमोठ्या घरांत दोन वृद्ध माणसे, क्वचित एकच, राहत आहेत. हे ध्यानी घेतले म्हणजे या विषयाचे गांभीर्य कळते.

आपल्या पूर्वजांनी हा प्रश्न कसा सोडवला होता, ते आठवून पाहा. जुन्या घरात सकाळी ओसरी, दुपारी जाड भिंतींचे माजघर, संध्याकाळी पाणी शिंपडलेले अंगण आणि रात्री गच्ची, असा माणसाचा मुक्काम हलत असे. दाराखिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लागत, त्यांवर पाणी मारले जाई. घर सगळे कधीच थंड नसे. थंड असे ती एक जागा, आणि माणूस तिच्याकडे जाई.

पुढे कूलर आला. त्याचे शास्त्र तेच, वाळ्याच्या ताटीचे. बेचाळीस अंशांची कोरडी हवा, तिच्यात आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास असली, तर ओल्या ताटीतून येताना सत्तावीस-अठ्ठावीस अंशांपर्यंत उतरते. त्याला वीज लागते दीड-दोनशे वॅट. आपल्या गृहिणींनी यातली एक खुबी न शिकवता हेरली. कूलरची हवा जिथून बाहेर पडायला वाट असते, तिकडेच जाते. म्हणून ज्या खोलीत माणूस बसला असेल, त्या खोलीची पलीकडची खिडकी बोटभर उघडायची आणि बाकीच्या लावून घ्यायच्या. एकाच यंत्राचा गारवा खोल्याखोल्यांत वाटण्याची ही युक्ती होती. पावसाळ्यात हवा दमट झाली की कूलरचे काही चालत नाही, ही त्याची मर्यादाही आपण जाणतोच.

थंड देशांत नेमका हाच प्रश्न उलट्या बाजूने उभा राहिला. तेथे घर तापवायचे असते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात वॉरन जॉन्सन नावाचे एक शिक्षक होते. वर्ग किती तापला हे पाहण्यासाठी रखवालदार वारंवार आत येई आणि शिकवण्यात व्यत्यय येई. त्यांनी विजेवर चालणारा खोलीचा तापनियंत्रक बनवला आणि १८८३ साली त्याचे एकस्व घेतले. परंतु घराला तापनियंत्रक एकच, तोही दिवाणखान्यात. त्यामुळे तेथे ऊब बरोबर आणि माडीवरची निजण्याची खोली मात्र भट्टी, असे होऊ लागले. डेन्मार्कच्या मॅड्स क्लॉसेन यांनी १९४३ साली प्रत्येक खोलीच्या तापकाला स्वतःची, उष्णतेने आपोआप उघडमीट होणारी चावी बसवली. आज या चाव्यांना बिनतारी संदेश मिळतात, आणि प्रत्येक खोलीचे तपमान, वेळापत्रक व माणसाची चाहूल ही खिशातल्या फोनवर दिसते. रिकाम्या खोलीवर इंधन जाळायचे नाही, हे त्यामागचे तत्त्व. ते उत्तमच आहे.

हेच तत्त्व आता आपल्या वातानुकूलन यंत्रांबरोबर आपल्या घरी आले आहे. दीड टनाचे यंत्र भर जोरात दीड किलोवॅटच्या आसपास वीज घेते, म्हणजे कूलरच्या आठ-दहा पट. तेव्हा काटकसर हवीच. १ जानेवारी २०२० पासून तारांकित यंत्रे चोवीस अंशांवर लावूनच विकावीत, असा नियम झाला. एक अंश वाढवला की साधारण सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे सांगणे आहे. हा हिशेब प्रत्येक घराने पाठ करावा.

परंतु एक प्रसंग सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. आमच्या नात्यातील एक काकू येथेच एकट्या राहतात. मुलगा एडिंबरोला असतो. त्याच्या घरी खोलीवार ऊब देणारी व्यवस्था आहे आणि ती त्याला फार मानवली. सुट्टीत आला तेव्हा त्याने आईच्या खोलीतही फोनवरून चालणारे यंत्र बसवले. काकूंना विजेच्या बिलाची धास्ती. म्हणून त्याने चाहूल घेणारी सोयही जोडली. अर्धा तास खोलीत हालचाल नसली की यंत्र आपोआप बंद व्हावे, अशी आज्ञा देऊन ठेवली. यात प्रेमच होते, दुसरे काही नव्हते.

मे महिन्यातील एका दुपारी काकू जेवून आडव्या झाल्या. खोली पश्चिमेची, खिडक्या बंद. म्हातारे माणूस झोपेत कूसही फारशी बदलत नाही. अर्ध्या तासाने यंत्र थांबले. चारच्या सुमारास शेजारच्या वहिनी वाटी परत करायला आल्या, म्हणून कळले. काकूंना हाका कळत होत्या, पण बोलणे असंबद्ध झाले होते. रुग्णालयात सलाईन लागले, दोन दिवसांनी त्या घरी आल्या. मुलाने त्या सकाळी, म्हणजे तिकडच्या सकाळी, फोन पाहिला होता. त्यात आईची खोली रिकामी दिसत होती. ‘आई मंडळात भजनाला गेली असेल,’ असे त्याला वाटले.

यंत्र बिघडले नव्हते. चाहूल घेणारा तो लहानसा डोळा देहातून निघणारी उष्णता हलताना पाहतो. निश्चल माणूस त्याला दिसत नाही. शिवाय देह भोवतालापेक्षा जितका उबदार, तितका तो स्पष्ट दिसतो. एडिंबरोच्या अठरा-वीस अंशांच्या खोलीत हा फरक मोठा असतो. रायपूरच्या मे महिन्यात भिंतीच देहाइतक्या तापतात. मग तो डोळा आंधळा होऊ लागतो. थंडीच्या देशातील सोय उन्हाळ्याच्या देशात जशीच्या तशी आणली, एवढीच चूक झाली.

अशा चुकीची किंमत लहान नसते. २००३ सालच्या ऑगस्टमध्ये फ्रान्समध्ये उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा सुमारे पंधरा हजार माणसे अधिक मरण पावली. त्यांत बहुसंख्य वृद्ध होते, आणि कितीतरी एकटे राहणारे. उतारवयात तहान उशिरा लागते, घाम कमी येतो, आणि उकाडा किती झाला हे स्वतःलाच कळत नाही. हवा चाळीस अंशांच्या वर गेली की नुसता पंखाही उपकार करत नाही. तो गरम वारा अंगावर ढकलत राहतो.

मग करावे काय? नव्या सोयी टाकून द्याव्यात, असे माझे म्हणणे नाही. खोलीपुरता थंडावा हेच शहाणपण आहे. फक्त त्याची मांडणी आपल्या घराप्रमाणे हवी. वृद्धांसाठी घरातील एक खोली निश्चित करावी. ती पश्चिमेची नसावी, वरच्या मजल्याची तर नसावीच. दुपारी एक ते पाच या वेळात त्या खोलीत चाहुलीवर बंद होण्याची सोय सरळ काढून टाकावी. काटकसर करायचीच तर दिवाणखान्यात करावी, पाहुण्यांच्या खोलीत करावी. यंत्र सव्वीस अंशांवर ठेवून पंखा हळू सोडावा. विजेची बचतही होते आणि अंगही आखडत नाही. भिंतीवर उंच बसवलेले यंत्र छताजवळची हवा मोजते. ज्या यंत्रांच्या हातातील नियंत्रकातच तापमापक असतो, तो नियंत्रक उशाशी ठेवावा. वीज गेली, तर ती परतल्यावर यंत्र आपोआप पूर्ववत सुरू होते की नाही, हे उन्हाळ्याआधी पाहून ठेवावे. आणि चैत्र-वैशाखातला कोरडेपणा असेतो जुना कूलर मोडीत काढू नये.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, त्या खोलीची कळ त्या खोलीतील माणसाच्या हाती असावी. दूरच्या मुलाने पाहावे, सुचवावे, काळजी करावी. परंतु आई निजलेली असताना तिच्या डोक्यावरचा थंडावा बंद करण्याचा अधिकार फोनला असू नये. काकूंच्या खोलीत आता मोठ्या आकड्यांचा साधा नियंत्रक आहे. मुलाला तपमान दिसते, बदलता मात्र येत नाही. ते तीस अंशांवर गेले की त्याचा फोन वाजतो, आणि तो लगेच शेजारच्या वहिनींना फोन लावतो.

या शेवटच्या दुव्याकडे मी मंडळाचे लक्ष वेधतो. मुलखापासून दूर आलेल्या माणसांनी अडीअडचणीला एकमेकांच्या दारी जाता यावे, म्हणून अशी मंडळे स्थापन झाली. गणेशोत्सव आणि नाटके त्यामागून आली. आज मुलखापासून दूर असलेली आपली मुले आहेत, आणि अडीअडचण आपल्याच घरात आहे. यंदाच्या उन्हाळ्यापासून मंडळाने एकट्या राहणाऱ्या सभासदांची एक यादी करावी आणि ज्यांना जमेल त्यांनी त्यांतील एकेक घर वाटून घ्यावे. दुपारी तीनच्या सुमारास एक फोन करायचा. तो उचलला गेला नाही, तर उठून जाऊन दार वाजवायचे. खोली रिकामी आहे की कोणी आत निजले आहे, हे दार वाजवल्यावर निश्चित कळते.